दोन विषय आणि अकरा वर्षं

निवृत्तीनंतर मी बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बसतो. परीक्षेचा फॉर्म, दाखला, स्कॉलरशिपचा अर्ज असल्या गोष्टींत अडकलेली पोरं येतात, त्यांना वाट दाखवायची एवढंच काम. ग्रंथपाल बाई रोज पन्नास रुपये पिग्मी भरतात. त्यासाठी पतसंस्थेची प्रतिनिधी सहाच्या सुमारास मशीन घेऊन यायची, पावती द्यायची आणि जायची. जुलै २०२२ मधल्या एका बुधवारी मात्र ती पावती देऊनही थांबली. मी एका मुलाचा मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज भरत होतो आणि ती कपाटाशी उभी राहून ऐकत होती. मुलगा गेल्यावर म्हणाली, "काका, माझं बी.ए. राहिलंय. दोन विषय. आता काही होतं का हो?"

हे प्रकरण तिचं. ओळख पटू नये म्हणून महाविद्यालय, विद्यापीठ, पतसंस्था कुणाचंच नाव घेतलेलं नाही आणि घरचे काही तपशील बदललेत. मी मात्र यात त्रयस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. ती ज्या महाविद्यालयात शिकली तिथेच मी तीस वर्षं कार्यालयात होतो, शेवटची काही वर्षं अधीक्षक म्हणून.

कागदावरची बाई

जून २००८ मध्ये प्रवेश. प्रथम आणि द्वितीय वर्ष पहिल्याच फटक्यात पास, दोन्हीकडे द्वितीय श्रेणी. मे २०१० मध्ये लग्न. सासर १९ किलोमीटरवर, पण तृतीय वर्षाचा प्रवेश तिने घेतला आणि एसटीचा पास काढून निम्मं वर्ष हजेरीही लावली. एप्रिल २०११ च्या वार्षिक परीक्षेला आठवा महिना चालू होता. सहा पेपरांपैकी चार सुटले. सक्तीच्या इंग्रजीत १०० पैकी ३१ पडले, पासिंग ४० ला. अर्थशास्त्राच्या दिवशी पोटात दुखायला लागलं म्हणून ती स्टँडवरूनच परत फिरली, आणि निकालपत्रात त्या रकान्यात गैरहजेरीची खूण आली. ऑक्टोबरच्या परीक्षेला मुलगी चार महिन्यांची होती. पुढच्या एप्रिलला सासरे आजारी. त्यानंतर कुणी विचारलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही.

२०१५ पासून ती पिग्मी गोळा करते. शेकडा दोन-तीन रुपये कमिशन, संध्याकाळी पाच ते नऊ बाजारपेठेत पायी फिरणं. शाखेत लिपिकाची जागा निघाली की पतसंस्था पदवी मागते. तिनेच ज्याला खातेउतारा कसा काढायचा ते शिकवलं, तो बी.कॉम. झालेला मुलगा आता काउंटरमागे बसून तिचा रोजचा भरणा तपासतो. हे सांगताना ती हसली. मला हसू आलं नाही.

शिक्षण सुटलेल्यांबद्दल बोलताना आपण परिस्थिती, गरिबी, लग्न असे मोठे शब्द वापरतो. ते खोटे नाहीत. पण या बाईचं आठ-नवमांश काम झालेलं होतं, आणि उरलेलं अडलं होतं ते कुठे जायचं, कुणाला विचारायचं हे ठाऊक नसल्यामुळे. केंद्राचं उच्च शिक्षण सर्वेक्षण सुरू झाल्यापासून त्याचे तक्ते कार्यालयात मीच भरत असे. यंदा प्रवेश किती, यंदा पास किती, हे आकडे जायचे. परवाच्या वर्षी एका विषयात अडकलेली ती अमुक मुलगी पुढे कुठे गेली, हे त्या तक्त्यांतून कुणालाच कळायचं नाही.

तीन वाटा, आणि माझा चुकलेला सल्ला

पहिल्याच बैठकीत मी तिला सांगितलं, जुनं विसर आणि मुक्त विद्यापीठात प्रथम वर्षापासून सुरू कर. आमच्या महाविद्यालयात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र होतं आणि त्याचं कार्यालयीन काम मी केलेलं. १९८९ मध्ये नाशिकला निघालेलं हे विद्यापीठ नेमकं अशाच लोकांसाठी. मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तकं, घरी लिहायचे गृहपाठ, रविवारची संपर्क सत्रं. नोकरी करणारे, शेती करणारे, पोरं मोठी झाल्यावर परत आलेल्या बाया त्या केंद्रावर मी डोळ्यांनी पाहिल्यात. एसटीच्या गणवेशातच संपर्क सत्राला येणारे एक कंडक्टर होते, तास संपला की थेट ड्युटीवर जायचे. वाट खात्रीची. वेळ तीन वर्षं.

तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी दोन वर्षं पास झाले ती कुठं गेली?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे नियमाचं उत्तर होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये सांगितलं होतं की अभ्यासक्रम जेवढ्या वर्षांचा त्यात दोन वर्षं मिळवायची, तेवढ्यात पदवी पूर्ण व्हावी. अपवाद म्हणून आणखी एक. तीन वर्षांच्या बी.ए.ला पाच, फार तर सहा. तिची मुदत त्या हिशेबाने कधीच संपलेली. वर्तमानपत्रात वाचून तिने श्रेयांक बँकेबद्दलही विचारलं, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) खात्यात जमा ठेवायची सोय. ती बँक २०२१ च्या नियमांनी आली आणि २०२१-२२ पासून मिळवलेले श्रेयांकच तिच्यात जमा होतात. तिच्याकडे होते २००९ आणि २०१० चे गुण, श्रेयांक नव्हेतच. रोज लोकांच्या खात्यात पैसे भरणाऱ्या बाईला 'तुझी ठेव जुन्या चलनातली आहे, इथे चालत नाही' हे सांगावं लागलं.

दुसरी वाट म्हणजे महाविद्यालयात पुन्हा तृतीय वर्षाला नियमित प्रवेश. हजेरी, फी, आणि सकाळी घरचं आवरून ११ ला वर्गात. तिने ती स्वतःच खोडली.

तिसरी वाट जुन्या लोकांनाच ठाऊक असते. अभ्यासक्रम बदलला, वार्षिक पद्धत जाऊन सत्र पद्धत आली, की जुन्या पद्धतीचे अडकलेले विद्यार्थी विद्यापीठाच्या गळ्यात राहतात. त्यांच्यासाठी विद्यापीठ अधूनमधून 'विशेष संधी' जाहीर करतं. जुन्या विषयाला नव्यातला कोणता विषय समकक्ष, याची यादी निघते आणि पुनर्परीक्षार्थी म्हणून नुसता फॉर्म भरून पेपर देता येतो. हजेरीचं बंधन नाही. मी तिला म्हटलं, मागे कधी अशी संधी निघाली होती का ते बघतो.

परिपत्रकांची फाइल

महाविद्यालयात माझ्या जागी आलेल्या मुलाने मला आवक परिपत्रकांच्या फायली काढून दिल्या. विशेष संधीची दोन परिपत्रकं सापडली, एक २०१६ चं आणि एक २०१९ चं. दोन्हीत तिचा अभ्यासक्रम होता. दोन्हींवर आवक क्रमांक, तारीख, 'सूचना फलकावर लावावे' असा शेरा आणि खाली माझी सही.

ती दोन्ही वेळा आमच्या गावात होती. महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याची पिग्मी ती घ्यायची. फाटकाच्या आत, जिन्याखाली, काचेच्या कपाटात तिच्या पदवीचा कागद पंधरा दिवस टांगलेला होता, आणि तो वाचायला येणार होती ती चालू वर्षातली मुलं, ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. अडकलेल्यांची नावं-पत्ते माझ्याच कपाटातल्या लेजरमध्ये होते. पोस्टकार्ड तेव्हा पन्नास पैशांना मिळायचं. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, आणि मला ते सुचलंही नाही हेही खरं. मी नियम पाळला होता.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. पदवीधर मतदारसंघाची निवडणूक जवळ आली की उमेदवारांची माणसं मतदार नोंदणीचा फॉर्म १८ घेऊन घरोघर फिरतात. कुठल्या गल्लीत कोण, कधीचा पदवीधर, याच्या याद्या त्यांच्या मोबाइलमध्ये तयार असतात. पदवीधर शोधून काढणं आपल्याकडे मुळीच अवघड नाही.

हे मी तिला सांगितलं. आठवडाभर ती वाचनालयात पिग्मी घेऊन न बोलता गेली. मग एका रविवारी सगळी कागदं पिशवीत घालून आली.

कागदं

प्रथम वर्षाची गुणपत्रिका लॅमिनेट केलेली. कुण्या शहाण्याने हौसेने केलेलं असणार. आत पाणी शिरून बुरशी धरली होती आणि मागचा शिक्का वाचता येत नव्हता. द्वितीय वर्षाची घर बदलताना गेलेली. तृतीय वर्षाची तेवढी ठीक. नोंदणी क्रमांक तीवरून मिळाला. दुय्यम गुणपत्रिकेसाठी पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र, अर्ज, शुल्क अशी साखळी असते. शिवाय मूळ निकाल काय होता याचा महाविद्यालयाचा दाखला लागतो. जिमखान्याच्या माळ्यावर रेक्झीनच्या पाठीचं २००९-१० चं लेजर सापडलं. कसरीने कडा खाल्ल्या होत्या, पण तिचं पान शाबूत होतं.

खरी गाठ नावाची. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ऑनलाइन फॉर्म एक मागतो, ओळखपत्र दुसरं सांगतं. गावातल्या सेतूवाल्याने तिला 'आधी राजपत्रात नाव बदला' म्हणून सांगितलेलं. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला हवा, आणि लग्नाची नोंदणीच केलेली नव्हती. ग्रामपंचायतीत जाऊन ती बारा वर्षांनी केली. उशिराची नोंद म्हणून दंड भरला. साक्षीदार म्हणून लग्नातले भटजीच सापडले. पण राजपत्राच्या वाटेला मी तिला जाऊ दिलं नाही. पदवी प्रमाणपत्र ज्या नावाने नोंदणी झाली त्याच नावाने निघतं. अर्ध्यात नाव बदलायला गेलं की जुनं दप्तर एका नावावर, नवं दुसऱ्यावर, आणि विद्यापीठाची खिडकी दोन्हीकडून बंद. त्यापेक्षा पदवी माहेरच्या नावानेच घ्यावी, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र विवाह दाखल्यासोबत जोडावं. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर काम झालं. परत येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या माझ्या मते या एका दगडाला ठेचकाळून मागे फिरतात, आणि फिरताना असं समजतात की आपल्याला अभ्यास झेपणार नाही.

फॉर्मवरचा मोबाइल नंबर हा आणखी एक चकवा. तिच्या जुन्या नोंदणीला जोडलेला नंबर बंद पडलेल्या एका नेट कॅफेचा होता, त्यामुळे ओटीपी कुठे जात होता देव जाणे. तो बदलायला दोन हेलपाटे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये विद्यापीठाचं तिसरं विशेष संधीचं परिपत्रक निघालं. अर्जाची मुदत पंधरा दिवस. ज्यांची कागदं त्या दिवशी हातात नव्हती त्यांना ही मुदत पुरली नसती. तिची फाइल ऑक्टोबरातच बांधून ठेवलेली होती. नशिबाने साथ दिली हे मान्य, पण संधी निघाल्यावर कागदं जमवायला निघालं की ती हुकतेच, हे मी तीस वर्षं काउंटरच्या आतून पाहिलंय.

समकक्षतेच्या यादीत वार्षिक शंभर गुणांच्या एका विषयाला पन्नास-पन्नास गुणांचे दोन सत्रांचे दोन पेपर लावलेले होते. म्हणजे दोनाचे चार. ती म्हणाली, "व्याज लागलं, काका."

हात

अभ्यासाची मला काळजी नव्हती. अर्थशास्त्र तिला २०११ पेक्षा आता जास्त कळत होतं. रेपो दर वाढला की पतसंस्थेच्या ठेवीदारांचं काय होतं, हे ती मला समजावून सांगायची. इंग्रजीच्या नव्या अभ्यासक्रमात अर्ज, अहवाल, मुलाखत असला भाग होता. तासिका तत्त्वावर शिकवणारी एक तरुण प्राध्यापिका रविवारी तास-दीड तास यायची. तिने कविता बाजूला ठेवून पतसंस्थेचा केवायसी फॉर्म आणि थकबाकीची नोटीस यांपासून सुरुवात केली. ते फार बरं झालं.

अडलं भलतीकडेच. डिसेंबरात मी तिला जुनी प्रश्नपत्रिका देऊन घड्याळ लावलं. पेपर दोन तासांचा. अर्ध्या तासात दीड पान झालं आणि तिने पेन ठेवलं. बोटं आखडली होती. अकरा वर्षांत सही, हिशेब आणि फोनवर अंगठ्याने टाइप करणं, याशिवाय तिने काही लिहिलंच नव्हतं. सुचत होतं, तोंडाने उत्तर घडाघडा सांगत होती, पण हात मागे पडत होता. परत आलेल्या विद्यार्थ्याला आपण 'वाचन करा, वाचन करा' सांगतो. हाताचं कुणी सांगत नाही, कारण शिकवणाऱ्यांचा हात कधी सुटलेला नसतो.

तेव्हापासून रोज एक उत्तर, पेनाने, घड्याळ लावून. नळाला पाणी पहाटे साडेपाचला येतं, त्याआधीची पाऊण तास वेळ तिची. तिची मुलगी सहावीत होती. तिने स्वतःच्या चौरेघी वहीतली उरलेली पानं आईला दिली आणि शुद्धलेखनाच्या चुकांखाली लाल रेघा मारायचं काम आपणहून घेतलं. सासूबाईंकडून विरोध होईल असं मी धरून चाललो होतो, तसं काही झालं नाही. त्यांचा प्रश्न एकच होता, परीक्षेच्या दिवसांत पिग्मी कोण गोळा करणार. प्रश्न रास्त होता. चार दिवस फेरी चुकली की गिऱ्हाईक दुसऱ्या पतसंस्थेकडे जातं. शेवटी नवऱ्याने टेम्पो दुपारीच लावून दोन संध्याकाळी फेरी मारली. मशीनमध्ये त्याने एका दुकानदाराचे पाचशेऐवजी पाच हजार टाकले, ते निस्तरायला पुढचा आठवडा गेला.

एप्रिल २०२३ मध्ये परीक्षा झाली. केंद्र २८ किलोमीटरवर, पेपर दहाला, आणि वेळेवर पोचवणारी एसटी एकच. निकाल जूनमध्ये. तीन पेपर सुटले, अर्थशास्त्राचे दोन्ही चांगल्या गुणांनी. इंग्रजीच्या दुसऱ्या पेपरात १८. हवे होते २०.

त्या दिवशी तिचा फोन बंद होता. प्राध्यापिकेचं म्हणणं पुनर्मूल्यांकन टाकू. मी म्हटलं, आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवू. पुष्कळ जण छायाप्रत वाढीव गुणांच्या आशेने मागवतात आणि गुण वाढले नाहीत की फेकून देतात. आम्ही ती समोर ठेवून वाचली. तपासणी नीट होती, भांडायला जागा नव्हती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सव्वातीन पानं, सुरेख. चौथा प्रश्न कोरा. आठ गुणांचा, अहवाल लेखनाचा, म्हणजे तिला सगळ्यात चांगला येणारा. ती म्हणाली, "घंटा झाली तेव्हा मी तिसऱ्याच्या शेवटच्या ओळीत होते." पेपरला मिनिटं कशी वाटायची हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं, मीही नाही.

पुढचे चार महिने फक्त एवढंच केलं. येणारा प्रश्न आधी, पानं मोजून, प्रत्येकाला मिनिटं ठरवून. हिवाळी परीक्षेत तिला २७ मिळाले.

नंतरचं

पदवी प्रमाणपत्र २०२४ मध्ये माहेरच्या नावाने आलं. ती ते घेऊन वाचनालयात आली आणि ग्रंथपाल बाईंनी पहिली सूचना केली की लॅमिनेट करून घे. आम्ही दोघंही एकदम ओरडलो. पतसंस्थेत लिपिकाची जागा अजून निघालेली नाही. निघाली तर अर्ज करता येईल, एवढाच फरक पडलाय. पिग्मीची फेरी चालू आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षं झाल्यावर बाहेर पडणाऱ्याला पदविका मिळते. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत हे २०२४-२५ पासून लागू झालं. तिच्या वेळी असतं तर हातात काहीतरी कागद आला असता. पण ती पदविकाही आपोआप घरी येत नाही. त्यासाठी चार जादा श्रेयांकांचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते, आणि ते आठव्या महिन्यात स्टँडवरून परत फिरलेल्या मुलीला कोण सांगणार, हा प्रश्न आहे तिथेच आहे. फलक आता काचेच्या कपाटातून संकेतस्थळावर गेलाय.

तृतीय वर्षाच्या त्याच निकालाच्या पानावर एक-दोन विषय राहिलेली आणखी अकरा नावं होती. महाविद्यालयाची रीतसर परवानगी घेऊन मी अकरा पोस्टकार्डं टाकली. चार 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून परत आली. दोघांनी फोन करून सांगितलं की त्यांनी मुक्त विद्यापीठातून बी.ए. कधीच पूर्ण केलं. एका घरून भावाचा फोन आला की तो गेला, करोनात. तिघांकडून अजून काही नाही.

एक जण आला, मार्केट यार्डात हमाली करतो. त्याचा एकच विषय राहिलाय, राज्यशास्त्र. विशेष संधी सध्या चालू नाही. त्याची फाइल बांधायला घेतलीय. द्वितीय वर्षाची गुणपत्रिका मिळत नाही, म्हणून गेल्या रविवारी पुन्हा माळ्यावर चढलो. खाली शिडी धरून ती उभी होती, खांद्याला पिशवी.